भरलेल्या सी ड्राइव्हचा बंदोबस्त

२०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या मांजरी बुद्रुकसारख्या गावी सातबारा, आठ-अ, फेरफार हे दस्तऐवज आता संगणकावरच उतरवून घेतले जात असल्यामुळे, विंडोज प्रणाली आणि सारी डाउनलोड्स यांचा भार एकटीच वाहणारी सी ड्राइव्ह तुडुंब भरली की यंत्र मंदावते आणि लोकांची कामे खोळंबतात.

अशा प्रसंगी हाती लागेल ती फाइल पुसण्याऐवजी, सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ व त्याखालील ‘स्टोरेज’ उघडून जागा कशाने व्यापली आहे याची प्रथम मोजदाद करावी. तेथील ‘टेम्पररी फाइल्स’मधून तात्पुरत्या फाइली, रिसायकल बिन आणि मोठ्या अपडेटनंतर मागे उरलेले ‘विंडोज.ओल्ड’ हे जुने दप्तर काढता येते. हे दप्तर सामान्यतः १० दिवसांनी आपोआप नाहीसे होते, मात्र ते गेल्यावर पूर्वीच्या आवृत्तीकडे परतता येत नाही. त्याच यादीतील ‘डाउनलोड्स’वर खूण करण्यापूर्वी लोकांचे उतारे तेथेच नाहीत ना, याची खातरजमा अवश्य करावी.

हायबरनेशनसाठी राखून ठेवलेली फाइल कित्येक गिगाबाइट अडवते. ती सोय नको असल्यास अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा वापरून ती बंद करता येते. ‘विनएसएक्सएस’ फोल्डरला मात्र हाताने कदापि स्पर्श करू नये, कारण प्रणालीची दुरुस्ती व अपडेट त्यावरच अवलंबून असतात. दस्तऐवज दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवून त्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर जपण्याची शिस्त हाच कायमचा उपाय होय.