श्रावण पाळता येतो, डाएट का नाही?

आषाढात कोल्हापूरच्या पेठापेठांतून पंचगंगेचं नवं पाणी त्र्यंबोली देवीला जातं. पुढे पी ढबाक वाद्य, मागे डोक्यावर कलश घेतलेल्या मुली. यात्रेनिमित्त गल्लीत मटणाचे वाटे पडतात, घरोघरी तांबडा-पांढरा शिजतो. अशा दिवशी कुणी ‘माझं डाएट चालू आहे’ म्हणालं, की आत्या वाटी पुढे सरकवते, ‘नुसता रस्सा तरी पी की!’

पण यातल्याच अनेक घरांत श्रावण लागला की मटण महिनाभर बंद. जानेवारीतलं डाएट दुसऱ्या आठवड्यात सोडून देणारा गडी श्रावण मात्र बिनबोभाट पाळतो. त्याचा निश्चय एकाएकी वाढलेला नसतो. घरात मटण येतच नाही, मित्र जेवायला बोलवत नाहीत, ‘खाऊ की नको’ हा झगडा दिवसातून दहादा करावा लागत नाही. शिवाय सुटका कधी, तेही ठाऊक असतं.

डाएटवाला मात्र एकटा लढतो. सकाळी मिसळीवर दुसऱ्यांदा कट घेतला, की ‘आता आजचा दिवस गेलाच’ म्हणत रात्रीपर्यंत हात आवरत नाही. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी 1975 मध्ये हेच प्रयोगात पाहिलं. चव तपासण्याच्या निमित्ताने विद्यार्थिनींना आइस्क्रीम दिलं, काहींना त्याआधी मिल्कशेक पाजला. एरवी खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी नव्हे, जास्तच खाल्लं. एकदा नियम मोडला, मग उरलं काय?

शरीरही साथ देत नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं, की दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन उतरलेल्यांची भूक ठरवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही पूर्वपदावर आली नव्हती. ‘जिभेवर ताबा नाही’ हा टोमणा त्यामुळे अर्धवट आणि थोडा क्रूरही आहे.

मग कोणतं डाएट चांगलं? बोस्टनमध्ये 160 जणांवर चार प्रसिद्ध डाएट वर्षभर ताडून पाहिली गेली. 2005 मध्ये निष्कर्ष आले : डाएट कुठलं याला फार महत्त्व नव्हतं, ज्याने ते जितकं पाळलं तितकं त्याचं वजन उतरलं. सुमारे चाळीस टक्के लोक मध्येच गळाले होते.

डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पसरवलेली पद्धत मराठी घरांत रुजली, ती बहुधा पाळायला सोपी म्हणूनच. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत उरकायचं. कॅलरी मोजायच्या नाहीत, वेगळा स्वयंपाक नाही. (मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.) कोल्हापुरात तिची पहिली गाठ पडते ती चहाशी. दुकानात आलेल्याला चहा न विचारणं आणि विचारलेला न घेणं, दोन्ही तुसडेपणाचं. त्यात साखर पडली, की दोन जेवणांचा नेम बाराच्या आतच मोडतो. आहारतज्ज्ञाकडे जाताना दिवसभरातले चहाचे कप मोजून न्यावेत, आणि ते कुणाकुणाच्या दुकानात होतात तेही सांगावं.