बोरघाट आणि पेट्रोलवरची भारवाहू गाडी

खोपोलीस उभें राहून डोंगराकडे पाहिलें कीं, वरून उतरणारे टाटा वीजघराचे प्रचंड नळ नजरेंत भरतात. लोणावळ्याच्या अंगाला असलेल्या तलावांचें पाणी या नळांतून सुमारें ५०० मीटर खालीं येतें, आणि १९१५ सालापासून त्याच्या बळावर मुंबईस वीज मिळत आली आहे. आज मला विजेविषयीं बोलावयाचें नाहीं. त्याच उंचीवरून, जवळजवळ त्याच ठिकाणीं, दिवसरात्र दुसरीही एक वस्तु खालीं येत असते. ती म्हणजे माल भरलेली मोटार. पाणी खालीं येतांना आपलें बळ चक्राला देऊन मोकळें होतें. गाडी तें कोणाला देते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी पडलों शाळामास्तर; हिशेब मांडल्यावांचून चैन पडत नाहीं. गाडी आणि माल मिळून ३ टन वजन धरा. तें ५०० मीटर खालीं उतरतें तेव्हां सुमारें ४ युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. घरच्या बिलांत ४ युनिट म्हणजे कांहींच नव्हेत. पण तेवढ्यांत ४५ लिटर पाण्याला आधण येईल. चढतांना हें आधण इंजिनानें पेट्रोल जाळून गाडींत जणूं सांठवलेलें असतें, आणि उतरतांना तें कोठें तरी बाहेर काढावेंच लागतें.

प्रथम चढाकडे पाहूं. कर्जतच्या रहिवाशांना चढाचें शास्त्र वेगळें शिकविण्याची गरज नाहीं. १८६३ सालीं बोरघाटांतला लोहमार्ग सुरू झाला. त्याचा चढ ३७ फुटांस १ फूट. एवढ्या चढासाठीं कर्जत स्टेशनांत गाड्या थांबतात, मागून ढकलण्यास जादा इंजिनें जोडलीं जातात, आणि तेवढ्या वेळांत उतारू वडे खाऊन घेतात. १८३० सालीं माल्कमसाहेबाच्या कारकीर्दींत खुला झालेला गाडीरस्ता याहून पुष्कळ चढा. आणि मोटारीला मागून ढकलणारें कोणी नसतें. तिचें जादा इंजिन म्हणजे तिचा गियरबॉक्स.

गाडी घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो अश्वशक्तीचा. भारवाहू गाडीच्या बाबतींत तो दुय्यम आहे. विहिरीच्या रहाटानें भरलेली घागर ओढतांना मनगटाला जो पीळ द्यावा लागतो, त्याला गाडीवाले टॉर्क म्हणतात. आणि मिनिटाला किती घागरी वर आल्या, ती अश्वशक्ति. ओझ्याची गाडी चढावर जागची हलेल कीं नाहीं, हें पिळावर ठरतें. ती किती लवकर वर पोंचेल, हें अश्वशक्तीवर.

डॉज कंपनीची पॉवर वॅगन ही याचें उत्तम उदाहरण. दुसऱ्या महायुद्धांत लष्करासाठीं बनविलेल्या पाऊण टनी मोटारीवरून ती घडविली आणि १९४६ सालीं सामान्य गिऱ्हाइकांपुढें आणली. ओझें १ टन. सहा सिलिंडरांचें पेट्रोल इंजिन, २३० घनइंची, म्हणजे सुमारें पावणेचार लिटरांचें. अश्वशक्ति अवघी ९४. आजच्या मध्यम प्रतीच्या घरगुती मोटारींतही याहून अधिक असते. परंतु टॉर्क १८५ फूटपौंड, आणि तोही मिनिटास १,२०० फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे इंजिन जेमतेम जागें झालें असतां. चारही चाकांना जोर. आणि सर्वांत खालच्या गियरांत इंजिनाचे सत्तरएक फेरे होत तेव्हां चाकाचा एक होई. शेजारून चालणारा माणूस सहज पुढें जाईल अशी ती गति. पण चिखलांतून, ओढ्याच्या दगडगोट्यांतून ती इंजिन बंद न पडतां निघे. सपाट रस्त्यावर मात्र तिची मजल ताशीं ५० मैलांच्या फारशी पुढें नसे. आवाज कानठळ्या बसविणारा, आणि गाडी रिकामी असली कीं मागच्या कमानी इतक्या ताठ कीं बसणाऱ्याच्या पाठीच्या कण्याची परीक्षा. याच घराण्याच्या डॉज व फार्गो मालमोटारी वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कारखान्यांत, कुर्ल्यास, जोडल्या जात; म्हणून हीं नांवें आपल्याकडील जुन्या माणसांच्या तोंडीं बसलीं.

अमेरिकेंत हा वंश अजून नांदतो आहे. फोर्डनें २०२० सालच्या आपल्या भारी पिकपमध्यें आठ सिलिंडरांचें, ७.३ लिटरांचें पेट्रोल इंजिन दिलें. अश्वशक्ति ४३०, टॉर्क ४७५ फूटपौंड. ऐकतांच छाती दडपते. पण तो पुरता टॉर्क ४,००० फेऱ्यांवर मिळतो. आजोबा गुरगुरत आपलें सारें बळ दाखवीत. नातवाला त्यासाठीं ओरडावें लागतें, आणि दहा गियरांचा स्वयंचलित गियरबॉक्स त्याला हवें तेव्हां ओरडावयास लावतो. त्याच गाडीचें डिझेल इंजिन १,६०० फेऱ्यांवर १,०५० फूटपौंड देतें. मग पेट्रोलवरची घेतो कोण? ज्याला रोज जड ओझें ओढावयाचें नाहीं तो. तिची किंमत हजारों डॉलरांनीं कमी आणि इंजिन वजनाला हलकें असतें.

आपल्याकडे निवाडा उलट लागला. कर्जत-खालापुरांत आज पिकप म्हटलें कीं डोळ्यांपुढें येते ती डिझेलवरची बोलेरो. पेट्रोलकडे पाऊण टनाच्या आसपासच्या लहान गाड्या तेवढ्या उरल्या. कारण उघड आहे. पेट्रोल महाग, आणि तोच चढ चढण्यास तें अधिक जळतें.

माझी ओळख पेट्रोलवरच्या भारी गाडीशीं झाली ती १९७० नंतरच्या दोनचार वर्षांत. आमच्या गांवच्या एका भातगिरणीनें लष्करी लिलावांतली जुनी डॉज घेतली होती. तिच्या चालकाला आम्ही मुलें मामा म्हणत असूं. वैशाखांत घाट चढतांना ती गाडी हटकून रुसे. इंजिनाच्या उष्णतेनें नळींतल्या पेट्रोलचीच वाफ होई, पंप नुसती वाफ ओढीत बसे आणि इंजिन धापा टाकून थांबे. मामा मग पंपाला ओलें फडकें गुंडाळीत, शिंग्रोबाच्या देवळाशीं घटकाभर बसत, नाणें वाहत आणि पुन्हां निघत. गाडी फडक्यानें चाले कीं नाण्यानें, यावर आम्हां मुलांचा वाद असे. पुढें पेट्रोलचा पंप टाकीच्या आंत गेला, तेथून तें दाबाखालीं पुढें येऊं लागलें, आणि ही खोड बहुतेक नाहींशी झाली.

उतरतांना मात्र ती डॉज मोठी गुणाची. खंडाळ्याखालीं उतार लागण्यापूर्वीं मामा गाडी थांबवीत आणि दुसरा गियर टाकीत. मीं एकदां विचारलें, "मामा, आतां तर उतारच आहे, एवढा खालचा गियर कशाला?"

"बाळा, ज्या गियरात चढलो त्याच गियरात उतरायचं. ब्रेक थांबायला असतो, उतरायला नाय."

या एका वाक्याचा अर्थ मला पुरता कळण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. होळीची पिचकारी घ्या, तिच्या तोंडाशीं बोट दाबून धरा आणि दांडा मागें ओढून पाहा. दांडा येत नाहीं. आला तर हाताला रग लागते. पेट्रोल इंजिनांत हेंच घडतें. चालकानें पाय उचलला कीं हवा आंत जाण्याच्या वाटेवरची झडप जवळजवळ मिटते. गाडी गियरांत असल्यामुळें चाकें इंजिनाला फिरवीत असतात. आंतले दट्टे त्या मिटल्या तोंडांतून हवा ओढूं पाहतात आणि प्रत्येक ओढीस गाडीचें थोडें बळ खर्ची पडतें. मघांचें आधण असें वाटेंत थोडथोडें सांडत जातें. गियर जितका खालचा, तितके दट्ट्यांचे हेलपाटे अधिक आणि गाडी तितकी धरलेली.

जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनांत अशी झडप नसते. तें हवा पोटभर घेतें, दाबतें. पण दाबलेली हवा उलट दट्ट्याला ढकलून घेतलेलें बरेंचसें बळ परत देते. डिझेल मुळींच धरीत नाहीं असें नव्हे. घर्षणानें व गियरानें तेंही धरतें. पण तेवढ्यानें भागत नाहीं म्हणून मोठ्या मालमोटारींना धुराचीच वाट अडविणारा निराळा ब्रेक बसवावा लागतो. चढावर डिझेलपुढें हार खाणारें पेट्रोल उतारावर असें आपली बाजू राखतें.

एकदां मामा आजारी पडले आणि बदलीचा माणूस आला. मी पुढें त्याच्याशेजारीं होतों; मागें तांदळाचीं पोतीं. घाटमाथ्यावर त्यानें पेट्रोल वांचविण्यासाठीं न्यूट्रल केलें, म्हणजे इंजिनाचा चाकांशीं संबंधच तोडला. पहिलीं दोनतीन वळणें मजेचीं गेलीं. मग जळकट वास आला. मग त्याचा पाय पेडलवर पार तळापर्यंत गेला आणि गाडी तशीच चालली. शहाणपण इतकेंच कीं त्यानें ती दरीकडे न जाऊं देतां डोंगराच्या अंगाला घांसली. पोतीं फुटलीं, तांदूळ रस्ताभर झाला, माझ्या कोपरावरचा व्रण अजून आहे. रस्त्यावरचे तांदूळ सुपानें भरून घेणाऱ्या बायकांचे चेहरे मला आठवतात; त्या माणसाचा चेहरा आठवत नाहीं.

झालें होतें तें असें. सारें आधण चार चाकांच्या ब्रेकवर ओतलें गेलें. तापलेल्या अस्तराची पकड सुटत जाते. शिवाय पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारें जें तेल असतें तें हवेंतला ओलावा शोषून घेतें. आपल्या कोंकणांतल्या पावसाळ्यांत तर विशेष. असें ओलावलेलें तेल लवकर उकळतें. त्याची वाफ झाली कीं पेडल वाफेलाच दाबीत बसतें आणि चाकापर्यंत कांहीं पोंचत नाहीं. तें तेल साधारण दोन वर्षांनीं बदलावयाचें असतें, आणि घरच्या मोटारीलाही हा नियम लागू आहे. आपल्यापैकीं किती जणांनीं तें बदललें असेल, हें मी विचारीत नाहीं.

न्यूट्रलच्या संवयीला कार्बुरेटरच्या काळीं निदान एक सबब होती: गियरांत उतरतांनाही इंजिन थोडें पेट्रोल ओढीत राही. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनांत ती सबबही उरली नाहीं. गाडी गियरांत असून पाय उचललेला असेल, तर यंत्र पेट्रोल पूर्ण बंद करतें. चाकेंच इंजिनाला फिरवितात. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन स्वतःला जिवंत ठेवण्यासाठीं पेट्रोल पीत राहतें. म्हणजे जो वांचवूं जातो तोच खर्च करतो. कोणी इंजिनच बंद करील तर ब्रेकला मिळणारी मदत दोनचार दाबांत संपते आणि सुकाणूही जड होतें.

मामा पुढें बरे झाले आणि त्याच डॉजवर परत आले. खोपोलीस उतरल्यावर त्यांचा एक नेम होता. हॉटेलाशीं गाडी लावावयाची, पेल्यांतलें पाणी ओंजळींत घ्यावयाचें आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या डब्यांवर चार चार थेंब उडवावयाचे. थेंब नुसते ओघळले तर चहा लगेच मागवीत. चुर्र आवाज आला, तर त्या दिवशीं घाईनें कोठें चुकलें तें आठवीत बाकावर बसून राहत, आणि तोंवर आम्हां मुलांनाही चहा नसे.