चुंबकाने आकार बदलणारा धातू

भौतिकशास्त्रात ‘विकृती’ म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत लांबीत झालेला बदल. चुंबकामुळे लोखंडात ती होते, पण मीटरमागे काही मायक्रॉनच! निकेल-मँगनीज-गॅलियम या मिश्रधातूची मात्र गोष्टच वेगळी. थंड होताना त्याच्या घनाकृती स्फटिकाची एक बाजू आखूड होते, पण शेजारशेजारच्या पट्ट्यांत वेगवेगळ्या दिशेला. चुंबकीय क्षेत्र लावलं की सोयीच्या दिशेचे पट्टे रुंदावतात, बाकीचे आक्रसतात, नि अख्खा तुकडा आकार बदलतो. १९९६ मध्ये कारी उल्लाको आणि सहकाऱ्यांनी ०.२ टक्के बदल मोजला. पुढे एकस्फटिकात तो सुमारे १० टक्क्यांपर्यंत गेला.

पण हा धातू ठिसूळ. म्हणून त्याची भुकटी पॉलिमरमध्ये मिसळतात. मला खरा प्रश्न इथेच दिसतो: पॉलिमर ताठ असला तर पट्टे हलत नाहीत, फार मऊ असला तर जोर मिळत नाही.