हो-नाहीचं गणित

मे महिना सरत आला की मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची परीक्षा सुरू होते. पोत्यातून शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची आणि ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडली की निकाल समोर. सत्तर किंवा त्याहून जास्त दाण्यांना चांगले कोंब आले असतील तर बियाणं पेरणीजोगं. थोडे कमी आले तर एकरी बियाणं वाढवायचं आणि फारच कमी आले तर ते पोतं पेरणीतून बाद.

कृषी विभाग दरवर्षी सांगतो ती ही उगवणक्षमतेची चाचणी. संभाव्यतेच्या गणितात ज्याला द्विपद प्रयोग म्हणतात, त्याचा हा अगदी चोख नमुना आहे. अशा प्रयोगाच्या अटी चारच. चाचण्या किती करायच्या हे आधी ठरलेलं असावं. प्रत्येक चाचणीचे निकाल दोनच असावेत, यश किंवा अपयश. यशाची शक्यता प्रत्येक वेळी तीच राहावी. आणि एका चाचणीच्या निकालाचा दुसरीवर परिणाम होऊ नये.

अटी वाचायला सोप्या आहेत, पाळायला तेवढ्या नाहीत. पहिली अट म्हणते शंभर म्हणजे शंभर. सत्तर कोंब भरेपर्यंत आणखी दाणे लावत राहिलं तर तो वेगळाच प्रयोग झाला, त्याचं गणितही वेगळं. दुसऱ्या अटीत प्रश्न येतो तो वेड्यावाकड्या, अर्धवट कोंबांचा. त्यांना कुठल्या रकान्यात टाकायचं हे गुंडाळी उलगडण्याआधी ठरवावं लागतं. चाचणीच्या नियमात ते नापासांत जातात. तिसऱ्या अटीसाठी दाणे सगळ्या पोत्यातून, वरून-मधून-खालून घ्यायला हवेत, कारण सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं आणि मळणीत किंवा आदळआपट झाल्यावर पोत्याच्या एखाद्या भागातले दाणे जास्त दुखावलेले असू शकतात. चौथी अट मोडते ती बुरशीमुळे. गोणपाटाच्या एका कोपऱ्यात बुरशी धरली की एका दाण्याचं मरण शेजारच्या चार दाण्यांना लागतं, आणि मग ते शंभर स्वतंत्र निकाल राहत नाहीत.

पोत्यातून काढलेला दाणा परत पोत्यात टाकला जात नाही, मग पुढच्या दाण्याची शक्यता बदलत नाही का? बदलते, पण तीस किलोच्या पोत्यात दोन लाखांहून जास्त दाणे असतात, त्यांतले शंभर काढल्याने पडणारा फरक मोजण्याइतकाही नसतो. पत्त्यांच्या 52 पानांतून पाच पानं काढताना मात्र तो फरक ठळक असतो. चारांतला एक एक्का गेला की दुसरा मिळण्याची शक्यता लगेच घटते. म्हणून पत्त्यांचा हात हा द्विपद प्रयोग नव्हे.

चारही अटी जुळल्या की हिशेब फारसा कठीण नाही. समजा बियाण्याची खरी उगवण सत्तर टक्के आहे आणि पाचच दाणे लावले आहेत. त्यांतले बरोबर तीन उगवण्याची शक्यता किती? आधी एकच क्रम घेऊ: पहिले तीन उगवले, शेवटचे दोन नाही. त्याची शक्यता 0.7 चा तीनदा आणि 0.3 चा दोनदा गुणाकार, म्हणजे 0.03087. पण उगवणारे तीन दाणे पहिलेच असतील असं नाही. ते पहिला, तिसरा आणि पाचवा असतील किंवा मधले तीन असतील. पाचांतून तीन जागा निवडण्याचे असे दहा प्रकार होतात आणि प्रत्येकाची शक्यता तेवढीच. दहाने गुणलं की उत्तर आलं 0.3087, म्हणजे सुमारे 31 टक्के. सूत्राचे भाग दोनच आहेत: एका क्रमाची शक्यता आणि असे क्रम किती.

त्यातला दुसरा भाग, क्रम मोजण्याचा, मराठी शाळेत वृत्तं शिकलेल्यांनी नकळत केलेला असतो. लघु की गुरू असे दोनच पर्याय असलेली तीन अक्षरं घेतली की आठ गण होतात. एकही गुरू नसलेला नगण एकटा. एक गुरू असलेले भगण, जगण, सगण हे तीन. दोन गुरू असलेले यगण, रगण, तगण हेही तीन. तिन्ही गुरू असलेला मगण पुन्हा एकटा. एक, तीन, तीन, एक. तीन दाणे लावले तर त्यांतले शून्य, एक, दोन किंवा तीन उगवण्याचे प्रकारही नेमके एवढेच.

पिंगळाच्या छंदःशास्त्रावर दहाव्या शतकात हलायुधाने टीका लिहिली. तीत हे आकडे काढण्याची मांडणी मेरुप्रस्तार या नावाने येते. वरच्या ओळीतल्या शेजारशेजारच्या दोन घरांची बेरीज खालच्या घरात लिहीत जायचं. पाच अक्षरांच्या ओळीत 1, 5, 10, 10, 5, 1 हे आकडे येतात आणि वरच्या उदाहरणातला दहा तिथे आयता सापडतो. युरोपात हाच त्रिकोण पास्कलच्या नावाने रूढ झाला. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त आठ झरोक्यांच्या राजवाड्याचा प्रश्न घातला आहे: एक, दोन, तीन असे करत आठपर्यंत झरोके किती प्रकारांनी उघडता येतील? उत्तर 255.

छंदात आणि झरोक्यांत प्रकार नुसते मोजायचे होते. त्या मोजणीला शक्यतेची जोड स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या याकोब बर्नुलीने पद्धतशीरपणे दिली. त्याचं ‘आर्स कंजेक्टांडी’ हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, 1713 साली छापलं गेलं. चाचण्यांची संख्या वाढवत नेली तर यशाचं प्रत्यक्ष प्रमाण त्याच्या खऱ्या शक्यतेच्या जवळ येतं, हे त्याने त्यात सिद्ध केलं. दोनच निकाल असलेल्या चाचणीला आजही बर्नुली चाचणी म्हणतात.

मग शंभर दाण्यांवरून पोत्याची खरी उगवण किती खात्रीने कळते? बियाणं खरोखर सत्तर टक्क्यांचं असेल तर शंभरांत नेमके सत्तर उगवण्याची शक्यता नऊ टक्क्यांच्याही आत आहे. बाकी वेळा आकडा 66 असेल, 73 असेल. साधारण 95 टक्के वेळा तो 61 ते 79 यांच्यात पडतो. सत्तरच्या खाली येण्याची शक्यता सुमारे 45 टक्के. म्हणजे काठावरचं बियाणं असलं तर निव्वळ योगायोगाने ते जवळपास निम्म्या वेळा नापास होणार. गोणपाटावर 68 आले म्हणून पोतं फेकून देणं किंवा 71 आले म्हणून निर्धास्त होणं, दोन्ही घाईचं. बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत चारशे दाणे लावतात, शंभर-शंभरच्या चार संचांत. चौपट दाण्यांनी अंदाजातली ढिलाई निम्मी होते: जिथे नऊ टक्के इकडे-तिकडे होत होते तिथे साडेचार राहतात. पुन्हा निम्मी करायची तर सोळाशे दाणे हवेत, त्यामुळे कुठेतरी थांबावंच लागतं.

शेतात आकडा चुकला तर दुबार पेरणीचं संकट येतं. सिकलसेलच्या बाबतीत चुकीच्या हिशेबाची किंमत त्याहून मोठी असते. विदर्भातल्या अनेक जिल्ह्यांत आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. केंद्र सरकारने तो संपवण्यासाठी 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम सुरू केली. आजाराचं जनुक एकाच पालकाकडून आलं तर माणूस वाहक होतो. त्याला सहसा त्रास नसतो आणि तपासणीशिवाय कळतही नाही. आई-वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक, नुसतं वाहक होण्याची चारांत दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारांत एक.

‘चारांत एक’ हे ऐकून बरीच जोडपी मनात वेगळंच धरून चालतात. पहिलं मूल आजारी निघालं, म्हणजे आपल्या वाट्याचं संपलं, पुढची तीन सुखरूप. किंवा पहिली दोन निरोगी आहेत, म्हणजे आता तिसऱ्यावर पाळी. चौथी अट इथे जशीच्या तशी लागू होते. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी जनुकांची वाटणी नव्याने होते आणि तिला आधीच्या भावंडाची खबर नसते. दोन मुलं असलेल्या अशा घरांचा हिशेब मांडला तर एकही मूल आजारी नसण्याची शक्यता सोळांत नऊ, एक आजारी असण्याची सोळांत सहा आणि दोन्ही आजारी असण्याची सोळांत एक. पण पहिलं मूल जन्माला आल्यावर हे सोळांचे आकडे कामाचे राहत नाहीत. दुसऱ्यासाठी प्रश्न पुन्हा तोच, चारांत एक. अपवाद एकसारख्या जुळ्यांचा. ती एकाच बीजातून आलेली असतात, त्यामुळे एकाला असेल तर दुसऱ्यालाही असणारच. लग्न ठरवण्याआधी दोघांचं रक्त तपासून घ्या, असं आरोग्य कर्मचारी सांगतात ते यामुळेच. एका पालकाकडे जनुक नसेल तर मुलाला हा आजार होण्याचं कारणच उरत नाही.

आता क्रिकेट. 19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने नाणेफेक गमावली आणि तिथून एकदिवसीय सामन्यांत नाणेफेक हरण्याचा सपाटाच लागला. कर्णधार बदलले, देश बदलले, मैदानं बदलली. रोहित शर्माने सलग बारा नाणेफेकी हरून ब्रायन लाराच्या विक्रमाशी बरोबरी केली. के. एल. राहुल हरला, शुभमन गिल हरला. सलग वीस नाणेफेकी गेल्यावर 6 डिसेंबर 2025 रोजी विशाखापट्टणमला राहुलच्या बाजूने कौल पडला.

सलग वीस वेळा हरण्याची शक्यता काढणं सोपं आहे: अर्ध्याचा वीसदा गुणाकार, 10,48,576 मध्ये एक. समाजमाध्यमांवर हाच आकडा फिरला आणि त्याबरोबर नाण्याविषयीच्या शंकाही. आकडा बरोबर होता. प्रश्न मात्र चुकीचा होता. ‘19 नोव्हेंबरपासूनचे वीस सामने’ ही निवड सपाटा दिसल्यावर केलेली होती. पहिली अट म्हणते संख्या आधी ठरवा, इथे ती मागाहून ठरली. भारत हजारांहून जास्त एकदिवसीय सामने खेळला आहे आणि असा सपाटा त्यांतल्या कुठल्याही सामन्यापासून सुरू होऊ शकला असता. एवढ्या सामन्यांत कुठे ना कुठे सलग वीस हार येण्याची शक्यता निघते साधारण दोन हजारांत एक. इतर सगळे संघही हिशेबात घेतले तर ती आणखी वाढते. घटना दुर्मीळ खरी, पण दहा लाखांत एक म्हणण्याइतकी नाही.

याची दुसरी बाजूही बघण्यासारखी आहे. वीस फेकींत निम्म्या, म्हणजे बरोबर दहा जिंकण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, तरी ती फक्त 17.6 टक्के. ‘सरासरीप्रमाणे’ झालेली मालिकाही सहांत एकदाच दिसते. आणि विशाखापट्टणमच्या नाणेफेकीच्या वेळी, वीस पराभव पाठीशी असताना, भारताची शक्यता होती तेवढीच, अर्धी.

ती खरोखर अर्धी असते का, ही शंका तिसऱ्या अटीविषयीची, आणि ती तपासण्याचे उद्योग लोकांनी चिकाटीने केले आहेत. इंग्रज जीवशास्त्रज्ञ राफाएल वेल्डनने 1894 साली बारा फासे 26,306 वेळा टाकून झालेल्या नोंदी कळवल्या. पाच किंवा सहा पडणं म्हणजे यश. एकूण 3,15,672 दानांत यश मिळालं 1,06,602 वेळा, म्हणजे 33.77 टक्के. एक तृतीयांशापेक्षा हे थोडंसंच जास्त आहे, पण एवढ्या मोठ्या संख्येत तो फरक योगायोगावर ढकलता येत नाही. फाशावर ठिपके कोरताना सहाच्या बाजूची सामग्री जास्त निघते, ती बाजू हलकी होते आणि वर येण्याकडे कलते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. कार्ल पिअर्सनने 1900 साली आपली काय-वर्ग कसोटी मांडली तेव्हा याच नोंदी उदाहरणादाखल वापरल्या.

नाण्याचं उत्तर अलीकडे मिळालं. पर्सी डायकॉनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली यांत्रिकीच्या नियमांवरून असं दाखवलं होतं की हाताने उडवलेलं नाणं हवेत किंचित डगमगतं आणि उडवताना जी बाजू वर असते त्याच बाजूवर जरा जास्त वेळा पडतं. फ्रांतिशेक बार्तोश आणि सहकाऱ्यांनी 48 जणांकडून 46 चलनांतली नाणी तब्बल 3,50,757 वेळा उडवून घेतली आणि तीच बाजू पुन्हा येण्याचं प्रमाण भरलं 50.8 टक्के. या खटाटोपाला विनोदी वाटणाऱ्या संशोधनासाठी दिला जाणारा इग नोबेल 2024 साली मिळाला. छापा की काटा यांत भेदभाव आढळला नाही, कल आहे तो फक्त सुरुवातीच्या बाजूचा: हजार फेकींमागे आठ जादा. क्रिकेटमध्ये यजमान कर्णधार नाणं उडवतो आणि पाहुणा कर्णधार ते हवेत असताना कौल सांगतो. नाणं सुटण्याआधी अंगठ्यावर कोणती बाजू वर होती हे पाहुण्याने टिपलं असेल तरच त्या आठांचा त्याला उपयोग. नसेल टिपलं, तर त्याच्यासाठी शक्यता पुन्हा अर्धीच.