अस्तराची पिशवी सफाईनें कशी शिवावी

२०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातल्यापासून कापडी पिशवीची गरज घराघरांत पुन्हां भासूं लागली. परंतु घरीं शिवलेली पिशवी बहुधा एकाच ठिकाणीं मार खाते. आंतील कडा उघड्या राहतात, धुण्यानें त्यांचे धागे सुटतात, शिवण उसवते, आणि ऐन बाजारांत बटाटे रस्त्यावर लोळूं लागतात. अस्तर हा यावर उपाय खरा. मात्र तें लावण्याची रीत समजून घेतली पाहिजे. या रीतीचें सारें मर्म अस्तराच्या तळाशीं मुद्दाम ठेवलेल्या एका खिडकींत आहे.

जाड खादीचे, शिवणीसकट १६ इंच उंच व १४ इंच रुंद असे दोन तुकडे घ्यावे. अस्तराचे दोन तुकडे तितकेच रुंद, परंतु उंचीला अर्धा इंच कमी असावे, म्हणजे तें आंत गोळा होत नाहीं. प्रत्येक जोडीच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून दोन्ही कडांस व तळाला अर्ध्या इंचावर टीप घालावी. अस्तराच्या तळाशीं मध्यभागीं मात्र ५ इंच जागा न शिवतां सोडावी. तिच्या दोन्ही टोकांस टीप मागें-पुढें घालून पक्की करावी. पुढें ताण तेथेंच येतो.

आतां बाहेरची पिशवी सुलट करावी, अस्तर उलटेंच ठेवावें, आणि पिशवी अस्तरांत सरकवावी. दोहोंच्या सुलट बाजू एकमेकींस भिडल्या पाहिजेत. बंद या दोहोंच्या मधें खालीं लोंबते ठेवावे; त्यांचीं टोकें तेवढीं तोंडाच्या कडेशीं यावीं. बंदांना पीळ नाहीं हें पाहून, बाजूच्या शिवणी जुळवून, तोंडाभोंवतीं संपूर्ण टीप घालावी.

या वेळीं सारें काम बिघडल्यासारखें दिसेल, घाबरूं नये. खिडकींतून पिशवी हळूहळू बाहेर ओढावी. पिशवी, अस्तर आणि बंद आपापल्या जागीं सुलट येतात, आणि प्रत्येक कच्ची कड दोन कापडांमध्यें बंदिस्त होते. खिडकीच्या कडा आंत दुमडून बारीक टाक्यांनीं ती मिटवावी, अस्तर पिशवींत ढकलावें, आणि तोंडाला इस्त्री करून पाव इंचावर पुन्हां टीप फिरवावी. तिनें बंद दोनदां धरले जातात व अस्तर वर डोकावत नाहीं.

कोणी विचारील, आंतली बाजू पाहतो कोण? पाहत कोणी नाहीं. परंतु पिशवी टिकते ती आंतल्या शिवणीवरच. अस्तराला जुन्या साडीचा धडका भागही पुरतो.