सेटिंगच्या फाईलमधील न दिसणारी चूक

ज्या पेढीचा हिशेब लिनक्सच्या संगणकावर आहे, तेथे रात्री खात्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर आपोआप उतरवण्याची सोय बहुधा केलेली असते. हे काम शेल स्क्रिप्ट करते. स्क्रिप्ट म्हणजे ओळीने लिहिलेले हुकूम. नक्कल कोठे ठेवायची, हे ती एका छोट्या सेटिंगच्या फाईलमधून वाचते. व्यापारी बंधूंनी ही फाईल एकदा तपासून घ्यावी.

बरोबरच्या (=) चिन्हाच्या आजूबाजूला जागा सुटली तर शेल लगेच तक्रार करते. ती चूक सापडते. खरे नुकसान गुपचूप होते. विंडोजच्या नोटपॅडमध्ये नवी फाईल लिहून लिनक्सवर नेली, की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा खूण येते. डोळ्याला ती दिसत नाही, पण शेल तिला नावाचाच भाग समजते. स्क्रिप्टमध्ये 'फोल्डर नसेल तर तयार कर' असा हुकूम असेल, तर दुसऱ्या डिस्कच्या नावासारखेच दिसणारे नवे फोल्डर मूळ डिस्कवर तयार होते आणि नक्कल तेथेच पडते. डिस्क गेली की वही आणि नक्कल दोन्ही गेल्या! अवतरणचिन्हाच्या आत शेवटी जागा राहिली तरी तेच.

उर्दू शाळेत आम्हाला नुक्ता चुकला की छडी बसे. येथे तर रिकामी जागाही चालत नाही. २०११ साली बम्बलबी या लिनक्सच्या प्रोग्रामच्या स्क्रिप्टमध्ये 'यूएसआर' या नावापुढे एक जागा जादा पडली. आतले लहान फोल्डर पुसायचे होते, पुसले गेले सबंध यूएसआर, म्हणजे जेथे बहुतेक प्रोग्राम असतात ते.

तपासणे सोपे आहे. 'कॅट' हुकमाला वजाचिन्ह व मोठा ए लावून फाईल उघडावी. प्रत्येक ओळ $ चिन्हाने संपते. $ च्या आधी मोकळी जागा दिसली तर ती काढावी. ^एम दिसले तर फाईल विंडोजकडची आहे, 'डॉसटूयुनिक्स' चालवावे. मराठी अक्षरे त्यात विचित्र दिसतात, घाबरू नये. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला सांगून नक्कल उतरण्यापूर्वी 'माउंटपॉइंट' हुकमाने दुसरी डिस्क खरोखर जोडलेली आहे का, हेही पाहण्याची ओळ घालून घ्यावी.

ज्यांची नक्कल आधीपासून चालू आहे त्यांनी 'एलएस' ला वजाचिन्ह व लहान बी लावून फोल्डरांची यादी काढावी. एकाच नावाची दोन फोल्डरे असतील तर एकाच्या शेवटी तिरपी रेघ दिसेल. ताजे हिशेब त्यातच सापडतील.