घारापुरी बेट : फोटो कुठे काढाल? आणि तो विसरलेला स्तूप

सोलापूरच्या आपल्या वस्त्यांत घरोघरी भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते. घरच्या माणसांचे फोटो मात्र मोजकेच. लग्नातला एखादा, मुलाच्या शाळेतला एखादा, आणि आजीचा तर मतदार ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला! जिने आयुष्यभर विड्या वळल्या, ज्याने मिलमध्ये तीन-तीन पाळ्या केल्या, त्यांचा मोकळ्या हवेत, हसऱ्या चेहऱ्याने काढलेला एकही फोटो घरात नसतो.

बेटावरची सहल म्हटली की जाहिरातीतले अंदमान किंवा मालदीव आठवते. तिथला खर्च ऐकला की आपण तो विषयच सोडून देतो. पण मुंबईच्या बंदरात, गेटवेपासून लाँचने साधारण तासाभरावर घारापुरी नावाचे हिरवेगार बेट आहे. इंग्रजीत त्याला एलिफंटा म्हणतात. ते रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात येते. १९८७ साली तिथल्या लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारी आपली कितीतरी कुटुंबे गेटवेपर्यंत जातात आणि समुद्र पाहून परत फिरतात. आणखी एक दिवस काढला तर बेट पाहून होते.

फिरणे हा श्रीमंतांचा शौक नव्हे

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. याच काळात, १९४५ साली, कारखान्यातील कामगारांना भरपगारी रजा देणारी कायदेदुरुस्ती झाली. १९४६ च्या दुरुस्तीने कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे, हे त्यामागचे तत्त्व. घरी बसून विड्या वळणाऱ्या आयाबहिणींना मात्र आजही हजार विड्यांमागे मजुरी मिळते. एक दिवस सूप खाली ठेवले की त्या दिवसाची मजुरी बुडाली. म्हणूनच सहलीचा दिवस वाया जाऊ नये, असा बेत आधीच आखावा.

रात्री सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली की सकाळी आपण मुंबईत. स्टेशनपासून गेटवे बसने किंवा पायीही गाठता येतो. लाँच सकाळी नऊच्या सुमारास सुटू लागतात. पहिल्या दोन-तीनपैकी एक पकडा. ऊन चढायच्या आत बेटावर पोचाल.

लाँचवरून

गेटवेची समुद्राकडील बाजू पूर्वेला आहे. त्यामुळे सकाळचे ऊन थेट तिच्यावर पडते. लाँच थोडी आत गेली की मागच्या बाजूला या. कमान आणि ताज हॉटेल एका चौकटीत मावतात आणि दोन्ही उन्हात उजळलेले दिसतात. थंडीच्या दिवसांत पांढरे समुद्रपक्षी लाँचबरोबर उडत येतात. मुलांना ते दाखवा, पण कठड्यावर चढू देऊ नका. परतताना सूर्य मुंबईच्या बाजूला असतो. तेव्हा चेहरे काळे येतात, पण मावळतीचा समुद्र सुंदर येतो. म्हणून माणसांचे फोटो जाताना काढा आणि समुद्राचे येताना.

धक्का आणि पायऱ्या

बेटाचा धक्का लांब आहे. दोन्ही बाजूंना खारफुटी आणि मच्छीमारांच्या होड्या दिसतात. धक्क्यावरून एक छोटी आगगाडी धावते. म्हाताऱ्या माणसांना तिचा उपयोग होतो आणि लहान मुलांना तिच्यातच फोटो हवा असतो. पुढे शंभरावर पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना दुकाने. माकडे खाण्याच्या पिशव्या हिसकावतात, तेव्हा भाकरीची पिशवी हातात लोंबती ठेवू नका. इथल्या गावांत कायमची वीज आली ती २०१८ साली, समुद्राखालून केबल टाकून. जवळच मुंबई रात्रभर झगमगत असताना हे गावकरी इतकी वर्षे अंधारात होते, हेही मुलांना सांगावे.

मोठे लेणे

पहिले लेणे साधारण सहाव्या शतकातले. ही शैव लेणी आहेत. दक्षिणेकडील भिंतीत सुमारे वीस फूट उंचीचे सदाशिवाचे तीन मुखांचे शिल्प आहे. इतक्या उंच दगडात ज्या कारागिरांनी ते कोरले, त्यांचे नाव कुठेही लिहिलेले नाही. शिल्पकला पाहण्यासाठी ते जरूर पाहावे. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. उत्तरेकडील दारातून मऊ उजेड येतो, तो पुरेसा असतो. शिल्पाला अगदी चिकटून फोटो काढला तर माणूस आणि शिल्प दोन्ही अर्धवट येतात. एखाद्या खांबापाशी उभे राहा आणि फोटो काढणाऱ्याला चार पावले मागे जाऊ द्या. मग त्या लेण्याची भव्यता कळते.

तोफेची टेकडी

लेण्यांच्या वरच्या टेकडीवर इंग्रजांच्या काळातल्या जुन्या तोफा आहेत. चढ आहे, पण वरून चहूकडे समुद्र दिसतो. एका बाजूला न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन दिसतात. सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो काढायला ही जागा उत्तम.

पूर्वेची टेकडी

इथपर्यंत सगळेच प्रवासी येतात. पुढे जाणारे फार थोडे. बेटाला दोन टेकड्या आहेत आणि पूर्वेकडील टेकडीचे नावच स्तूप टेकडी आहे. तिथे विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, जवळ दगडात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. या बेटावर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून वस्ती असल्याचे मानले जाते. म्हणजे सदाशिवाचे शिल्प घडण्यापूर्वी काही शतके इथे बौद्ध भिक्खूंचा वावर होता.

मात्र सांचीसारखा घुमट डोळ्यासमोर ठेवून जाऊ नका. तिथे गवताने झाकलेला एक उंचवटा आहे. दगडाचा स्तूप टिकतो. विटांचा पावसाने खचत जातो आणि लोक विटा उचलून नेतात. नालासोपाऱ्याचा स्तूपही असाच मातीचा ढीग समजला जात होता. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा आत धातूंचा करंडक सापडला. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेर येथे विटांचे प्राचीन चैत्यगृह आजही उभे आहे. तेर पाहिलेल्या माणसाला घारापुरीचा उंचवटा लगेच ओळखता येईल.

याच उंचवट्यापुढे आपल्या मुलांचा फोटो असावा, असे आम्हांला वाटते. हजारो प्रवासी बेटावर येतात आणि त्यांच्या फोटोत ही टेकडी नसते. जे कुणी पाहत नाही, त्याची काळजीही कुणी घेत नाही. आपण गेलो, पाहिले, चार जणांना दाखवले, तर त्या जागेची विचारपूस सुरू होईल.

फोटो काढताना उंचवट्यावर चढू नका, वीट उचलू नका. खाली उभे राहा, मागे उंचवटा आणि वर आकाश येऊ द्या. वाट आडबाजूची आहे, म्हणून गावातला माहीतगार सोबत घ्या आणि दुपारी वेळेत खाली या. बेटावर पर्यटकांना मुक्काम करता येत नाही. शेवटची लाँच किती वाजता आहे, हे उतरतानाच विचारून ठेवा.

हे लक्षात ठेवा

लेणी सोमवारी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या लाँचला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून अनेकांचे प्राण गेले. म्हणून लाइफ जॅकेट मागून घ्या आणि सर्वांनी, विशेषतः मुलांनी, ते अंगावर घालूनच बसावे. ‘फोटोत वाईट दिसते’ म्हणून ते काढू नये. पाणी आणि शिदोरी घरून न्या. बेटावर सगळेच महाग.

दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत जा. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले, तो तिथे उभा आहे. १८६४ साली त्याला हलवताना त्याचे तुकडे झाले होते. ते पुढे जोडले गेले. बाग बुधवारी बंद असते.

आणि शेवटचे. मोबाइलमधले फोटो मोबाइल बिघडला की जातात. घरी आल्यावर त्यांतले चार निवडा, स्टुडिओत जाऊन कागदावर काढून घ्या. मागे तारीख, जागा आणि सगळ्यांची नावे लिहा. त्यांतला एक आजीचा असू द्या, समुद्राकडे तोंड करून उभी असलेल्या आजीचा. तो भिंतीवर लावा. उद्या नातवंडांना आजी कशी हसत होती, हे ओळखपत्रावरून शोधावे लागणार नाही.